आभाळाच्या वेशी

श्रोतेहो, १५ जून २०२३ हा दिवस सोलापूरकरांच्या चांगलाच ध्यानात आहे. त्या दिवशी कुमठ्याच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची, सुमारे नव्वद मीटर उंचीची चिमणी पाडण्यात आली. कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाची ही चिमणी विमानांना अडथळा ठरते, असा वाद कित्येक वर्षे चालला होता. एका बाजूला ऊस घालणारे सभासद आणि कारखान्याचे कामगार, दुसऱ्या बाजूला विमानाची वाट पाहणारे शहर. दोघांचेही म्हणणे पोटतिडकीचे होते, आणि त्याचा निवाडा करणे हे आजच्या भाषणाचे काम नव्हे. पण त्या दिवसांत पारावर आणि एस.टी.च्या थांब्यावर एक प्रश्न वारंवार कानांवर येई. "अहो, एवढं मोठं आभाळ मोकळं पडलंय. जरा वळसा घालून जायला विमानाला काय होतंय?"

प्रश्न भाबडा वाटतो, पण चांगला आहे. कारण त्याचे उत्तर द्यायचे तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागते : आभाळ मोकळे दिसते, पण ते मोकळे नाही. त्यालाही शिवा आहेत, वेशी आहेत, आणि प्रत्येक वेशीवर विचारपूस करणारा कोणीतरी बसलेला आहे. काही वेशींवर नुसता रामराम केला तरी चालते. काही ठिकाणी नाव, गाव, कुठून आलात, कुठे निघालात, हे सांगून "या" असे उत्तर येईपर्यंत बाहेर थांबावे लागते.

जमिनीच्या वरची हवा ही त्या त्या देशाच्या मालकीची, हे तत्त्व ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्याच कलमात लिहिले आहे. आपल्या देशापुरते म्हणाल तर १९३४ चा विमान कायदा नव्वद वर्षे चालला आणि १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला. मौज अशी की, त्या जुन्या कायद्याच्या व्याख्येत विमान, फुगा यांच्या पंक्तीला पतंगही बसवलेला होता. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत पतंग उडवणारे आपले पोर कायद्याच्या दृष्टीने विमान उडवीत होते, हे त्याला कोणी सांगितले असते तर त्याची छाती केवढी फुगली असती!

असो. आता या वेशी घातल्या तरी कशासाठी? विमाने थोडी होती तेव्हा वैमानिकाने डोळे उघडे ठेवावेत, समोर कोणी दिसले तर बाजूला व्हावे, एवढा नियम पुरत असे. आपल्या गाडीवाटेवर दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या म्हणजे एकजण चाक बांधाला लावतो, तसाच हा प्रकार. पण ३० जून १९५६ रोजी अमेरिकेत ग्रँड कॅन्यन नावाच्या प्रचंड दरीवर दोन प्रवासी विमाने एकमेकांवर आदळली. दोन्ही विमाने लॉस एंजलिसहून काही मिनिटांच्या अंतराने निघालेली, दोन्ही पूर्वेकडे चाललेली, आणि टक्कर झाली तेव्हा दोन्ही अशा हवेत होती की जिच्यावर कोणाचेच नियंत्रण नव्हते. १२८ माणसे गेली. त्या धक्क्याने अमेरिकेने दोन वर्षांत नवा विमान कायदा केला. "आपण पाहावे आणि आपण दिसावे" हा नियम वेगवान विमानांना पुरत नाही, हे जगाला कळून चुकले.

का पुरत नाही, ते शिक्षक मित्रांनी वर्गात गणित घालून दाखवावे. दोन मोठी विमाने ताशी ९०० किलोमीटर वेगाने समोरासमोर येत आहेत. त्यांच्यातले अंतर ताशी १८०० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ५०० मीटरने कमी होते. हवा स्वच्छ आहे, पाच किलोमीटरवरचे दिसते असे धरले, तरी दिसल्यापासून टक्कर होईपर्यंत अवघी दहा सेकंदे मिळतात. तेवढ्यात पाहायचे, ओळखायचे, ठरवायचे आणि ते अवजड धूड वळवायचे. उलट ताशी २०० किलोमीटरची दोन लहान विमाने असतील तर हाच अवधी पाऊण मिनिटाचा होतो. म्हणून जिथे विमाने लहान, सावकाश आणि विरळ आहेत तिथे डोळ्यांवर विसंबता येते. जिथे ती मोठी, वेगवान आणि दाट आहेत तिथे त्यांना दूर ठेवण्याची जबाबदारी जमिनीवर बसलेल्या नियंत्रकाने घ्यावी लागते. आभाळाची सारी वाटणी या एका विचारावर उभी आहे.

वाटणी समजण्यापूर्वी उड्डाणाचे दोन प्रकार लक्षात घ्यावेत. पहिला नजरेने उडण्याचा. वैमानिक जमीन, नदी, रेल्वेचे रूळ, ढग हे सारे डोळ्यांनी पाहत जातो. दुसरा उपकरणांवर उडण्याचा. बाहेर ढग असोत की काळोख, समोरच्या तबकड्या आणि पडदे पाहून विमान हाकले जाते, आणि त्यासाठी वैमानिकाला वेगळे शिक्षण व वेगळी पात्रता लागते. नजरेने उडणाऱ्याला हवामानाची अट असते. दहा हजार फुटांच्या खाली निदान पाच किलोमीटर आणि त्याच्या वर निदान आठ किलोमीटरपर्यंतचे दिसले पाहिजे; ढगापासून आडवे दीड किलोमीटर आणि उभे हजार फूट दूर राहिले पाहिजे. ढगातून अचानक कोणी बाहेर आले तर सावरायला जागा हवी, म्हणून ही अट. आपल्याकडे सूर्य मावळून वीस मिनिटे झाल्यापासून तो उगवायला वीस मिनिटे उरेपर्यंत नजरेचे उड्डाण सामान्यतः करता येत नाही.

आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने आभाळाचे सात वर्ग ठरवले आहेत. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतल्या नंदीध्वजांची संख्याही सातच, म्हणून सोलापूरकरांना आकडा लक्षात ठेवायला अडचण नाही! या वर्गांना इंग्रजी अक्षरांची नावे आहेत : ए, बी, सी, डी, ई, एफ आणि जी.

'ए' वर्ग सर्वांत कडक. तिथे नजरेने उडणाऱ्याला प्रवेशच नाही. फक्त उपकरणांवर उडणारी विमाने, तीही नियंत्रकाची परवानगी घेऊन, आणि प्रत्येक विमान प्रत्येकापासून दूर ठेवण्याची जबाबदारी नियंत्रकाची. 'बी'मध्ये नजरेने उडणाऱ्यालाही घेतात, पण परवानगी सर्वांना हवी आणि सर्वांना सर्वांपासून दूर ठेवले जाते. 'सी'मध्ये परवानगी तशीच सर्वांना लागते. फरक एवढाच की नजरेने उडणाऱ्या दोघांना एकमेकांपासून नियंत्रक दूर ठेवत नाही, नुसते "तुमच्या डावीकडे एकजण आहे" असे सांगतो. पुढचे पाहून घेणे त्यांचे काम.

'डी' वर्गाशी आपला संबंध जास्त येतो. आपल्या देशात विमानतळाच्या मनोऱ्याच्या ताब्यातील आणि त्याच्या आसपासच्या नियंत्रित हवेला हाच वर्ग देण्याची पद्धत आहे. इथे नजरेने उडणारा असो की उपकरणांवर उडणारा, दोघांनाही रेडिओ हवा, दोघांनाही आत येण्यापूर्वी परवानगी हवी. दहा हजार फुटांखाली वेग २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरपेक्षा जास्त ठेवायचा नाही. गावात शिरताना मोटार हळू चालवावी, तसे हे आहे. नियंत्रक उपकरणांवर उडणाऱ्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. बाकीच्यांची खबर देतो.

'ई' वर्ग जरा फसवा आहे, आणि शिकाऊ वैमानिकांचा गोंधळ होतो तो बहुधा इथेच. ही हवा नियंत्रित म्हणवते, पण आंतरराष्ट्रीय कोष्टकाप्रमाणे परवानगी आणि रेडिओ यांची सक्ती फक्त उपकरणांवर उडणाऱ्याला. नजरेने उडणारा न विचारता आत येऊ शकतो. म्हणजे नियंत्रकाच्या देखरेखीखाली चाललेल्या मोठ्या विमानाला वाटावे की आपली काळजी घेणारा आहे, आणि त्याच हवेत एखादे लहान विमान कोणालाही न सांगता हिंडत असावे. म्हणून 'ई'मध्ये हवामान स्वच्छ असेल तेव्हा मोठ्या विमानाच्या वैमानिकानेही खिडकीबाहेर पाहत राहायचे असते. नियंत्रकाने त्याला फक्त त्याच्यासारख्यांपासून दूर ठेवण्याची हमी दिलेली असते, सर्वांपासून नव्हे.

उरले 'एफ' आणि 'जी'. 'एफ'मध्ये आज्ञा नाही, सल्ला मिळतो. 'जी' म्हणजे आपली पाणंद. परवानगी नको, नजरेने उडणाऱ्याला रेडिओचीही सक्ती नाही. मात्र पाणंदीतून जाणाऱ्याने बांधावरून कोणाचे काय येते आहे हे स्वतःच पाहायचे असते. भारताच्या व्यवस्थेत मुख्यतः डी, ई, एफ आणि जी हेच वर्ग दीर्घकाळ वापरात आलेले आहेत.

यावर कोणी म्हणेल, "मग जी वर्गातून कुठेही जावं, कुणाला विचारायलाच नको!" तसे नाही. हे कोष्टक जगाचे झाले. आपल्या देशाने त्यावर आपल्या अटी घातल्या आहेत. हवाई संरक्षणाच्या ओळख क्षेत्रातून उडायचे तर आधी एक क्रमांक मिळवावा लागतो. हे विमान आपले आहे, अमुक वेळी अमुक दिशेने जाणार आहे, अशी ती नोंद असते. काही ठिकाणांवरून उड्डाणाला कायमची मनाई आहे. दिल्लीचे राष्ट्रपती भवन आणि मुंबईचे तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्र ही त्यांतली ठळक. काही ठिकाणी तोफांच्या सरावासारख्या कारणाने ठरावीक वेळी बंदी असते. आणि काही बंदी अचानक येते. मे २०२५ मध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीला काही दिवस बंद राहिले, हे आपण बातम्यांत ऐकलेच आहे. अशी सूचना वैमानिकांना लेखी दिली जाते, आणि ती न वाचता निघालेल्या वैमानिकाची कोणतीही सबब ऐकली जात नाही.

आता प्रत्यक्षात हे कसे घडते ते पाहू. २९ सप्टेंबर २०२४ रोजी सोलापूरच्या नूतन विमानतळाचे उद्घाटन झाले, ९ जून २०२५ रोजी गोव्याची सेवा सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईची. समजा, विमान मुंबईला निघाले आहे. निघण्यापूर्वीच त्याचा उड्डाण-आराखडा दाखल झालेला असतो : विमान कोणते, वाट कोणती, उंची किती, इंधन किती तासांचे, माणसे किती. त्यानंतर रेडिओवर परवानगी मिळते. ती ऐकून "बरं" म्हणून भागत नाही. शाळेत गुरुजी पाढा परत म्हणवून घेत, तशी नियंत्रक वैमानिकाकडून प्रत्येक आकडा परत म्हणवून घेतो. उंची, दिशा, हवेचा दाब, सारे. चुकले तर लगेच दुरुस्त. रेडिओवर असे बोलण्यासाठी वैमानिकाला वेगळे लायसन्स काढावे लागते, नुसते विमान चालवता येणे पुरेसे नाही.

विमानात आणखी एक यंत्र असते. रडारची लहर आली की ते आपला चार आकडी क्रमांक उलट पाठवते. या क्रमांकात शून्यापासून सातपर्यंतचेच अंक येतात. आठ आणि नऊ नाहीत. मग असे एकूण क्रमांक किती होतील? आठचा चौथा घात, म्हणजे ४०९६. त्यातले काही राखून ठेवलेले आहेत. ७७०० म्हणजे विमान संकटात, ७६०० म्हणजे रेडिओ बंद पडला, ७५०० म्हणजे विमानाचे अपहरण झाले. रेडिओ बंद पडलेल्या विमानाला मनोऱ्यावरून दिव्यानेही खुणा करता येतात. स्थिर हिरवा दिवा म्हणजे उतरा. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा.

उंचीचाही नियम मोठा सोपा आणि सुंदर आहे. उत्तरेपासून पूर्वेच्या बाजूने दक्षिणेपर्यंतच्या दिशांना जाणाऱ्याने विषम हजारांवर उडायचे : पंधरा, सतरा, एकोणीस. पश्चिमेच्या अर्ध्या भागाकडे जाणाऱ्याने सम हजारांवर : चौदा, सोळा, अठरा. नजरेने उडणाऱ्याने त्यात आणखी पाचशे फूट मिळवायचे. सोलापूरहून मुंबईकडे निघालेले विमान सम उंचीवर, आणि मुंबईहून सोलापूरकडे येणारे विषम उंचीवर. समोरासमोर आले तरी मध्ये हजार फूट हवा राहते.

हे हजार फूट पाळले नाहीत तर काय होते, त्याचा दाखला आपल्याच देशात आहे. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिल्लीहून उडालेले सौदी अरेबियाचे बोइंग विमान वर चढत होते, त्याला चौदा हजार फुटांवर थांबायला सांगितले होते. कझाकस्तानचे विमान दिल्लीकडे उतरत येत होते, त्याला पंधरा हजारांवर. हवा नियंत्रित होती, नियंत्रक जागेवर होता, परवानग्या स्पष्ट होत्या. पण कझाक विमान आपली उंची सोडून खाली आले, आणि हरियाणातल्या चरखी दादरीच्या शेतांवर दोन्ही विमानांतले सर्वच्या सर्व ३४९ जण मृत्युमुखी पडले. त्या काळी दिल्लीत येण्याची आणि जाण्याची वाट एकच होती, कारण बरीचशी हवा लष्करासाठी राखलेली होती. पुढे येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि दुसरे विमान जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र प्रवासी विमानांत सक्तीचे झाले. वेशीवरच्या माणसाने "इथेच थांबा" म्हटले आणि पाहुणा दोन पावले पुढे गेला, एवढेच घडले होते.

आता चिमणीकडे परत येऊ. विमान उतरताना वैमानिकाला वळसा घालण्याची मुभा जवळजवळ नसते. तो एका ठरलेल्या उतारावरून, धावपट्टीच्या रेषेत येत असतो. ढग असतील तर त्याला बाहेरचे दिसतही नसते. म्हणून धावपट्टीच्या टोकापासून बाहेर एक कल्पित उतार आखतात. धावपट्टीच्या प्रकाराप्रमाणे तो दर चाळीस किंवा पन्नास मीटरला एक मीटर चढतो. दोन किलोमीटरवर तो उतार साधारण चाळीस ते पन्नास मीटर उंच असतो, आणि त्याला काहीही टोचता कामा नये. शिवाय मध्यम व मोठ्या धावपट्टीभोवती चार किलोमीटरपर्यंत, जमिनीपासून ४५ मीटर उंचीवर, एक कल्पित छत धरलेले असते. नव्वद मीटरची चिमणी या छताच्या दुप्पट. विमान एका इंजिनावर धडपडत वर चढत असेल, अशा वाईट वेळेचा हिशेबही यात धरलेला असतो. रोजच्या स्वच्छ सकाळी चिमणी दिसते आणि चुकवताही येते, हे खरे. नियम त्या सकाळीसाठी केलेला नाही. एक मात्र माझ्या मनात राहून राहून येते : हा हिशेब इमारत उभी राहण्यापूर्वी कागदावर करणे किती स्वस्त, आणि ती उभी राहिल्यावर करणे किती महाग! आज विमानतळाच्या टापूत उंच बांधकाम, मनोरा किंवा चिमणी उभारायची असेल तर भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा उंचीविषयीचा ना-हरकत दाखला आधी घ्यावा लागतो. होटगी रस्त्याच्या बाजूला जागा घेऊन मजल्यावर मजला चढवू पाहणाऱ्यांनी हे विसरू नये.

श्रोतेहो, तुमच्यापैकी बहुतेकजण विमान चालवणार नाहीत. पण वैमानिक होण्याची वेळ तुमच्या शेतापर्यंत आलेली आहे. उसावर, डाळिंबावर फवारणी करणारे ड्रोन आता गावोगाव दिसू लागले आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेतून बचत गटांच्या बायकाही ते चालवू लागल्या. फवारणीचा ड्रोन टाकी भरली की वीस-पंचवीस किलोंच्या घरात जातो, तो खेळणे नव्हे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे त्याची नोंद करून क्रमांक घ्यावा लागतो, आणि चालवणाऱ्याकडे दूरस्थ वैमानिकाचा दाखला लागतो. त्यासाठी वय १८ ते ६५, शिक्षण दहावी पास, आणि मान्य संस्थेत प्रशिक्षण.

ड्रोनसाठी आभाळाची वाटणी अक्षरांनी नव्हे, रंगांनी केलेली आहे. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रकाची परवानगी हवी. तांबड्या भागात केंद्र सरकारची. हिरव्या भागातही ४०० फुटांच्या वर गेलात की पिवळा सुरू होतो. चालू विमानतळाच्या आठ ते बारा किलोमीटर अंतरात ही मर्यादा २०० फुटांची आहे. फवारणीला पिकाच्या डोक्यावर दहा फूट पुरतात, तेव्हा या पट्ट्यातल्या शेतकऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. आठ किलोमीटरच्या आत मात्र सरकारच्या 'डिजिटल स्काय' या संकेतस्थळावरचा नकाशा पाहिल्याशिवाय आणि लागेल ती परवानगी हाती आल्याशिवाय यंत्र जमिनीवरून उचलायचे नाही, मग ते शेत स्वतःचे का असेना. शिवाय मोठी यात्रा, सभा किंवा बंदोबस्त असेल तेव्हा पोलीस अधीक्षक किंवा त्यांच्या वरचे अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तांबडा जाहीर करू शकतात. हिरवा म्हणून काल उडवला, तोच भाग आज तांबडा असू शकतो. म्हणून नकाशा रोज सकाळी पाहावा.

आजवर सोलापुरात विमान नियमित येत नव्हते तेव्हा या अंतरांकडे कोणाचे लक्ष नव्हते. आता कुमठे, कुंभारी, होटगी, सोरेगाव या बाजूच्या शाळांतल्या शिक्षकांनी तालुक्याचा नकाशा फळ्यावर लावून कंपासने पाच, आठ आणि बारा किलोमीटरची वर्तुळे काढून पाहावीत, आणि मुलांना आपापले शेत कोणत्या वर्तुळात येते ते शोधायला सांगावे. मात्र अंतर मोजायचे ते विमानतळाच्या कुंपणापासून, नवी वेशीपासून किंवा स्टेशनापासून नव्हे.